आठ हजारांत हेडफोनसाठी सीडी प्लेअर: आवाजाआधी लेन्स बघा

परभणीच्या एका शिक्षकांनी विचारलंय. काकांकडून त्यांच्याकडं सव्वाशे-दीडशे सीडी आल्यात. बऱ्याचशा शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या, काही भजन-कीर्तनाच्या, थोड्या घरगुती बैठकींच्या रेकॉर्डिंगच्या. रात्री घरातली मंडळी झोपली की हेडफोन लावून ऐकायचा बेत आहे. हेडफोन सेनहायझरचा एचडी ५६०एस. सोबत एक छोटा डॅक-ॲम्प (डिजिटल आकड्यांचा आवाज करून हेडफोन चालवणारी डबी) आहे, त्याला यूएसबी, ऑप्टिकल आणि कोॲक्सिअल अशी तिन्ही इनपुटं आहेत. बजेट आठ हजार. समोर तीन पर्याय आहेत: ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथवाला पोर्टेबल प्लेअर, जुन्या मालात सात हजारांना मिळणारा जपानी सीडी प्लेअर, किंवा माळ्यावर पडून असलेला डीव्हीडी प्लेअर. विचारणं एवढंच, की यातल्या कशाचा आवाज सगळ्यात चांगला.

सर, आवाजाचं नंतर बघू. नांदेडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं येणाऱ्या सीडी प्लेअरची तक्रार ‘आवाज चांगला नाही’ अशी क्वचितच असते. ‘नो डिस्क’ दाखवतोय, शेवटच्या गाण्यांवर अडकतोय, ट्रे बाहेरच येत नाही, तापला की बंद पडतो, या तक्रारी असतात. म्हणजे बिघडतं ते सीडी वाचणारं यंत्र. आठ हजारांच्या बजेटमध्ये तुम्हाला खरं ठरवायचंय ते हे, की कोणतं यंत्र तुमच्या सीडी पुढची काही वर्षं वाचेल, आणि वाचेनासं झालं तर आपल्या भागात ते दुरुस्त होईल का.

आवाज बाजूला का ठेवला तेही सांगतो. सीडी प्लेअरच्या पोटात दोन कामं चालतात. पहिलं वाचण्याचं: लेझर, त्याला पुढं सरकवणारी गाडी, तबकडी फिरवणारी मोटर. दुसरं, वाचलेल्या आकड्यांचा आवाज करण्याचं. सीडीवर प्रत्येक चॅनलचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. हे आकडे जसेच्या तसे कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल वायरीतून बाहेर काढता येतात. तुमच्या डॅक-ॲम्पला ती इनपुटं आहेत, म्हणजे दुसरं काम करणारा गडी तुम्ही आधीच घरी आणून बसवलाय. प्लेअरमधल्या डॅकला आणि हेडफोनच्या भोकाला पुन्हा पैसे कशाला द्यायचे? स्वस्त आणि महाग प्लेअरच्या डिजिटल आऊटपुटमधला फरक, दोन्ही नीट वाचत असतील तर, मला तरी कधी कानाला कळलेला नाही. ज्यांना कळतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांचं बजेट विचारतो.

तुमच्याकडं नुसतं यूएसबी घेणारं छोटं डोंगल असतं तर उत्तर बदललं असतं. सीडी प्लेअरचं कोॲक्सिअल आऊटपुट त्या डोंगलला जोडता येत नाही. त्या वेळी प्लेअरचं ॲनालॉग आऊटपुट आणि हेडफोनचं भोक महत्त्वाचं ठरतं, आणि स्वस्त यंत्रांत ते भोक नावालाच असतं. तुमचा हेडफोन १२० ओमचा आहे. तो हाकायला फार जोर लागत नाही, पण बॅटरीवरच्या किरकोळ प्लेअरकडून त्याला पुरेसा व्होल्टेज मिळेलच असं नाही. ही अडचण तुम्हाला नाही, म्हणून पुढं जातो.

काहीही विकत घेण्याआधी सीडींचे तीन ढीग करा. पहिला छापील ऑडिओ सीडींचा, म्हणजे कंपनीच्या, खालून चंदेरी दिसणाऱ्या. दुसरा एमपी३ सीडींचा. आपल्याकडं यात्रेत आणि बसस्टँडवर ‘एका सीडीत दीडशे भजनं’ अशा खूप विकल्या गेल्या. त्यांच्यावर संगीताच्या फायली असतात, जुना शुद्ध ऑडिओ सीडी प्लेअर त्या वाजवत नाही, आणि गिऱ्हाईक प्लेअर बिघडला म्हणून घेऊन येतं. डीव्हीडी प्लेअर मात्र त्या बिनबोभाट वाजवतो. कीर्तनाच्या व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) निघाल्या तर त्याही याच ढिगात. तिसरा ढीग घरी राईट केलेल्या सीडी-आरचा, म्हणजे खालून हिरवट, निळसर किंवा सोनेरी छटा असलेल्या.

या तिसऱ्या ढिगाला प्लेअर लावायची घाई नको. छापील सीडीत माहिती प्लॅस्टिकमध्ये दाबलेली असते. सीडी-आरमध्ये ती रंगाच्या थरात लेझरनं उमटवलेली असते, आणि तो रंग ऊन आणि उष्णतेनं फिका पडतो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. काकांच्या घरगुती बैठकी दुसरीकडं कुठंही मिळणार नाहीत. त्यामुळं बजेटमधले दीड-दोन हजार आधी यूएसबी डीव्हीडी रायटरवर घाला आणि लॅपटॉपवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. घरच्या सीडी प्लेअरला अशी दुसरी संधी नसते, तबकडी फिरत असते आणि त्याला तिथल्या तिथं वाचून पुढं जावं लागतं. कॉपी फ्लॅक फॉरमॅटमध्ये ठेवा, एमपी३ नको. सीडीचा मूळ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतो, फ्लॅकमध्ये ती बरीच कमी होते आणि आवाजातलं काही कापलं जात नाही. दोन ठिकाणी प्रत ठेवली की त्या सीडी कपाटात जाऊ द्या.

आता तुमचे तीन पर्याय.

ब्लूटूथवाला पोर्टेबल मी तुमच्यासाठी घेणार नाही. यातल्या कित्येकांना डिजिटल आऊटपुटच नसतं, असतं ते हेडफोनचं भोक. ब्लूटूथनं हेडफोन जोडायचा म्हणजे सीडीवरचा आवाज वाटेत पुन्हा दाबला जातो, मग सीडी कशासाठी लावली? जुने वॉकमनसारखे सीडी प्लेअर कुणी देत असेल तर एक बघा: धक्क्यानं गाणं अडकू नये म्हणून त्यांत जी ‘अँटी-शॉक’ सोय असते, ती काही मॉडेलांत आवाज दाबून साठवते. टेबलावर ठेवून ऐकताना ती बंद ठेवायची. अलीकडं काही कंपन्यांनी कोॲक्सिअल-ऑप्टिकल आऊटपुट असलेले चांगले पोर्टेबल काढलेत, पण ते तुमच्या बजेटच्या वर जातात.

डीव्हीडी प्लेअर. लोक याला नाक मुरडतात, पण तुमच्या घरात जे आहे त्यात सगळ्यात कामाची वस्तू तीच असू शकते. मागची बाजू बघा. लाल-पांढऱ्या पिनांशिवाय ‘कोॲक्सिअल’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ आऊट’ लिहिलेलं एक भोक दिसेल, बहुतेक वेळा नारिंगी किंवा काळं. ते असेल तर काम झालं. नसेल तर आमच्याकडं जुन्या मालात असं भोक असलेला प्लेअर हजाराच्या आत मिळतो. वायरीसाठी खास खर्च नको. टीव्हीला लावायची पिवळ्या पिनेची व्हिडिओ वायर ७५ ओमची असते आणि कोॲक्सिअललाही तेवढीच लागते. मीटर-दीड मीटरची चांगली पिवळी वायर पुरे.

पण एक काम करावं लागतं, आणि ते न केल्यामुळंच डीव्हीडी प्लेअरची बदनामी झालीय. सेटअप मेनू टीव्हीशिवाय दिसत नाही, म्हणून एकदा टीव्हीला जोडा. ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट बऱ्याचदा ‘ऑफ’ असतं, ते ‘पीसीएम’ करा, म्हणजे सीडीवरचे आकडे तसेच बाहेर जातात. इक्वलायझर, थ्रीडी सराउंड, नाईट मोड, डायनॅमिक कॉम्प्रेशन, जे जे दिसेल ते बंद. यातल्या एखाद्या गोष्टीनं तानपुरा मधूनच फुगतो आणि गवई घशात घोंगडं अडकल्यासारखा वाटतो, आणि दोष बिचाऱ्या लेन्सवर जातो. तुमच्या डॅकवर सॅम्पलिंगचा आकडा किंवा दिवा असेल तर सीडी लावल्यावर तिथं ४४.१ दिसायला हवं. ४८ दिसलं तर प्लेअर मधेच आकडे बदलतोय. कानाला कदाचित कळणारही नाही, पण मेनूत तो बदल बंद करता येत असेल तर करा.

डीव्हीडी प्लेअरची खरी खोड दुसरी आहे, आणि शास्त्रीय ऐकणाऱ्याला ती बोचते. एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना कित्येक डीव्हीडी प्लेअर क्षणभर आवाज तोडतात. सिनेमाच्या गाण्यांत कळत नाही, तिथं मध्ये शांतताच असते. पण ख्यालाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं, रेकॉर्डिंग मात्र सलग. तबलजी द्रुतला हात घालतोय आणि नेमका तिथंच आवाज गायब, परत येतो तोवर मुखड्याचा पहिला शब्द गेलेला. मैफलीतल्या टाळ्या ट्रॅकच्या सांध्यावर आल्या तरी हेच होतं. सगळे डीव्हीडी प्लेअर असं करत नाहीत. म्हणून घेताना अशीच एक सीडी बरोबर न्या आणि विलंबिताची शेवटची पंधरा सेकंदं लावून सांधा ऐका. तुमच्या माळ्यावरच्या प्लेअरलाही पहिली परीक्षा हीच घ्या.

दुसरी बारीक गोष्ट: एचडी ५६०एस मागून उघडा हेडफोन आहे, बाहेरचं सगळं आत येतं. काही डीव्हीडी प्लेअर सीडी फिरवताना बरीच घरघर करतात. रात्री शांत घरात आलापाच्या वेळी ती ऐकू येईल. प्लेअर हाताच्या अंतरावर न ठेवता थोडा लांब ठेवा.

आता सात हजारांचा जपानी. सलग ट्रॅक, शांत मेकॅनिझम, रिमोट, हातात धरल्यावर जाणवणारं वजन, या सगळ्यात चांगला जुना सीडी प्लेअर डीव्हीडी प्लेअरच्या वरचढ असतो, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण सात हजार मोजायच्या आधी मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेल्या यंत्रावर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो सरळ लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. त्याला १०० व्होल्टचा वेगळा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि अमेरिकेच्या सामानासाठी मिळणारा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर त्याला थोडा जास्तच पडतो. विकणाऱ्यानं ‘इथं चालतो हो’ म्हटलं तर त्याच्याकडं तो कशावर चालतोय ते बघा. शिवाय ८०च्या दशकातल्या सुरुवातीच्या प्लेअरना बहुधा डिजिटल आऊटपुटच नसायचं, आणि मग तुमच्या डॅकचा उपयोग शून्य.

व्होल्टेज जुळलं की लेन्सचा नंबर. आम्ही दुकानात लेन्स म्हणतो ते खरं तर लेझर, भिंग आणि त्यांना हलवणाऱ्या कॉइल मिळून झालेलं अख्खं पिकअप. मॉडेल कितीही नावाजलेलं असलं, तरी पिकअप मिळत नसेल तर तो प्लेअर एक दिवस शोभेचा होतो. सोनीचं केएसएस-२१३ आणि सान्योचं एसएफ-पी१०१एन ही पिकअप वेगवेगळ्या कंपन्यांच्या असंख्य प्लेअरमध्ये बसवली गेली, त्यामुळं त्यांचे सुटे भाग अजून फिरतात. नांदेड-परभणीकडच्या आम्हा लोकांना त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापेक्षा हैदराबादचा ‘कोटी’ भागातला बाजार जवळ. तिथल्या गुजराती गल्लीत नंबर दाखवला की आहे-नाही लगेच कळतं. मिळतं ते बऱ्याचदा डुप्लिकेट असतं, आणि डुप्लिकेटमध्ये एखादं वर्षानुवर्षं चालतं, एखादं पहिल्याच आठवड्यात मान टाकतं. म्हणून मूळ पिकअप ठणठणीत असलेला प्लेअर घ्यायचा आणि बदलायची सोय आहे हे फक्त मनाच्या समाधानासाठी बघून ठेवायचं.

तो ठणठणीत आहे हे कसं ओळखायचं? बरोबर तीन सीडी न्या: एक नवीकोरी दिसणारी आणि सत्तर मिनिटांच्या आसपास भरलेली, एक ओरखडे असलेली, एक सीडी-आर. भरलेली सीडी लावून आधी एकूण ट्रॅक आणि वेळ किती पटकन दिसते ते बघा. तबकडी दोन-तीनदा थांबून पुन्हा फिरत असेल तर लेझर थकलाय किंवा भिंग मळलंय. मग सरळ शेवटचा ट्रॅक लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा ट्रॅक बाहेरच्या कडेला असतो, आणि गाडीचं ग्रीस वाळलेलं असेल किंवा तबकडी डुलत असेल तर ते तिथं उघड होतं. पहिल्या ट्रॅकवरून शेवटच्यावर आणि परत अशा उड्या मारायला लावा. ओरखड्यांच्या सीडीवर थोडं अडखळलं तर चालेल. सीडीतली चूक-दुरुस्तीची पद्धत ट्रॅकच्या दिशेनं, म्हणजे तबकडीवर गोल, साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुकडा गेला तरी माहिती पूर्ण भरून काढते. त्याहून मोठं नुकसान असेल तर दोष सीडीचा, यंत्राचा नाही. सीडी-आर वाचली तर लेझरमध्ये दम आहे. शेवटी किमान तासभर चालू ठेवा. थंड असताना गुणी वागणारा प्लेअर तापल्यावर रंग दाखवतो, आणि विकणारा बहुधा पहिली दहा मिनिटंच ऐकवतो.

विकणारा किंवा मेकॅनिक म्हणाला की ‘लेन्सची पॉवर वाढवून दिलीय, आता कुठलीही सीडी वाचतो’, तर नमस्कार करून निघा. पिकअपच्या बाजूला लेझरचा जोर ठरवणारा एक पिटुकला प्रीसेट (फिरवायचा स्क्रू) असतो. तो फिरवला की मरायला टेकलेला लेझर जोरात पेटतो आणि काही दिवस सगळं वाचतो, पण त्यातच तो संपतो. ट्रे अडकत असेल तर मात्र घाबरू नका, तो रबरी बेल्ट कडक झालेला असतो, किरकोळ खर्चाचं काम आहे. त्या तक्रारीवर भाव पाडून घ्या.

पिकअप बदलायची वेळ आलीच तर मेकॅनिकला एक आठवण करून द्या, त्यानं राग मानला तरी. नव्या पिकअपच्या पट्टीवर दोन बिंदू सोल्डरच्या थेंबानं जोडलेले असतात. वाटेत स्थिर विजेनं लेझर जळू नये म्हणून ती सोय असते. वायर बसवल्यावर तो थेंब काढायचा असतो. टीव्ही-मिक्सर करणारा माणूस तो तसाच ठेवतो, लेझर पेटतच नाही, आणि ‘नवीन लेन्सपण खराब निघाली’ म्हणून ती फेकून दिली जाते.

साफसफाईचंही थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडची धूळ बारीक आहे. भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं आयपीए म्हणून मिळतं. कापसाची काडी त्यात बुडवून झटकायची आणि अगदी हलक्या हातानं एकदा गोल फिरवायची. भिंग बारीक स्प्रिंगवर तरंगत असतं, दाबलं की वाकडं होतं. फुंकर मारायची नाही, थुंकीचा तुषार बसतो. आणि सीडी पुसताना मधून कडेकडं सरळ पुसा, गोल नाही. आडवा ओरखडा यंत्र सहज ओलांडतं, ट्रॅकच्या दिशेनं गेलेला गोल ओरखडा त्याला सलग सोसावा लागतो. छापील नावाच्या बाजूला तर आणखी जपा, माहितीचा चंदेरी थर त्याच बाजूला, नुसत्या लाखेच्या आवरणाखाली असतो.

वीज. लाईट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर जात असेल आणि इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हचा असेल, तर ट्रान्सफॉर्मरवाला जुना सीडी प्लेअर गुणगुणतो. तो बिघाड नाही, पण रात्री त्रास होतो. डीव्हीडी प्लेअरमध्ये जुन्या ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (मोबाईल चार्जरसारखा वीजपुरवठा) असतो, त्याला फरक पडत नाही. डॅकला चार्जर, लॅपटॉप आणि प्लेअर एकाच वेळी जोडलेले असताना हेडफोनमध्ये घूं आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तरी आला आणि प्लेअरला ऑप्टिकल आऊटपुट असलं तर कोॲक्सिअलऐवजी ते वापरा. त्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळं घूं तिथंच तुटते.

मी तुमच्या जागी असतो तर आजच सात हजार कुठंही दिले नसते. यूएसबी रायटर घेऊन काकांच्या बैठकी आधी उतरवून घेतल्या असत्या. माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर काढून, सेटिंग करून, पिवळ्या वायरीनं महिनाभर ऐकलं असतं. विलंबित-द्रुतच्या सांध्यावर तो आवाज तोडत नसेल तर उरलेल्या पैशांत आणखी सीडी घ्या, लोक त्या आता कवडीमोलानं काढतायत. तोडत असेल आणि तुम्हाला ते खुपत असेल, तर मग २३० व्होल्टचा, डिजिटल आऊटपुटचा, मिळणाऱ्या पिकअपचा जुना सीडी प्लेअर शोधा. मी सांगितलेल्या तपासणीत पास झाला तर पाच-साडेपाच हजारांपर्यंत जायला हरकत नाही. त्या जपानीचे सात हजार मागणारा माणूस स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर त्याच भावात देत असेल तर पुन्हा बोलू.

आणि माळ्यावरच्या प्लेअरनं सीडी वाचलीच नाही, तर टाकून देऊ नका. प्लग काढून झाकण उघडा, पिकअपच्या कडेला किंवा पट्टीवर छापलेला नंबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोटीच्या दुकानदाराला फोनवर प्लेअरचं मॉडेल सांगून उपयोग होत नाही, तो पिकअपचाच नंबर विचारतो.